शाळेच्या पेजवरचा तो फोटो काढून टाकायचा कुणी?

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शाळांनी समाजमाध्यमांवर टाकलेले विद्यार्थ्यांचे फोटो काढून टाकण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतून मी 2020 साली मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. हे पत्र एका फोटोबद्दल आहे. तो माझ्यासमोर काढला गेला, माझ्या परवानगीने शाळेच्या पेजवर चढला, आणि आज तो मला तिथून काढून टाकता येत नाही.

गेल्या दिवाळीनंतर एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता 19 वर्षांची आहे, पुण्यात नर्सिंग शिकते. घरचे कसे आहेत, पाऊसपाणी कसे झाले, सगळे बोलून झाले. मग जरा थांबून म्हणाली, "बाई, शाळेच्या पेजवर माझा एक फोटो आहे. तेवढा काढता येईल का?"

खोलीतल्या एका मुलीने सहज गंमत म्हणून सगळ्यांची नावे नेटवर टाकून पाहिली होती. हिचे नाव आणि गाव टाकल्यावर तो फोटो आला आणि रात्रीतून होस्टेलच्या ग्रुपवर गेला. कुणी टिंगल केली नाही. "किती गोड दिसत होतीस" असेच सगळ्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी एकीने आपला जुना स्वेटर घडी करून हिच्या कॉटवर ठेवला. हे सांगताना तिचा आवाज बदलला.

तो फोटो मला अजून जसाच्या तसा आठवतो. डिसेंबर 2017. शहरातल्या एका मंडळाने आमच्या शाळेत दप्तरे आणि स्वेटर आणले होते. आमच्या गावची निम्मी घरे दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. मुले आजी-आजोबांजवळ राहतात आणि हंगामी वसतिगृहात जेवतात. ही मुलगी पाचवीत होती. वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते आणि आई दिराच्या टोळीबरोबर अर्धा कोयता म्हणून, म्हणजे जोडीदाराशिवाय एकटीच, ऊसतोडीला गेली होती. फोटोत दप्तराचा एक बंद पाहुण्यांच्या हातात आहे, दुसरा तिच्या. फोटो निघेपर्यंत दोघांनीही तो सोडायचा नाही, अशी रीतच असते. तिच्या अंगातला नवा स्वेटर बोटांच्या टोकांपर्यंत आलेला. तिचे लक्ष दप्तराकडे नाही, कॅमेऱ्याकडे आहे, कारण "इकडे बघ गं" असे मी म्हटले होते.

खाली ओळ होती : "पितृछत्र हरपलेल्या कु. अमुक तमुक हिला दप्तर देताना मान्यवर". पूर्ण नाव, इयत्ता, गाव. ती ओळ मीच सांगितली होती.

त्या वेळी मला त्यात काही गैर वाटले नाही, हे कबूल करते. 2015 साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला, तंत्रस्नेही शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या आणि आमच्यासारख्या शाळा उत्साहाने कामाला लागल्या. तालुक्याच्या गावाहून इंग्रजी शाळेची पिवळी गाडी आमच्या दारात येऊन मुले घेऊन जात होती. पट टिकवायचा होता. आपल्या शाळेतही काही चांगले चालते, हे लोकांना दिसावे म्हणून आम्ही पेज काढले. शिवाय वरून येणाऱ्या प्रत्येक पत्रात शेवटी एक वाक्य असायचेच : उपक्रमाचे फोटो अहवालासोबत जोडावेत, दिलेल्या हॅशटॅगसह समाजमाध्यमांवर टाकावेत. वृक्षारोपण, हात धुवा दिन, गणवेश वाटप, सगळ्याचे फोटो. मुलाला काय मिळाले यापेक्षा ते मिळताना दिसले का, याला महत्त्व येत गेले. आई उसाच्या फडात होती, तिच्याजवळ फोन नव्हता. तिला विचारावे असे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आले नाही.

तिचा फोन आला तेव्हा मी मुलीला म्हटले, "काळजी करू नकोस बाळा, आज काढून टाकते." मला खरेच वाटले होते की एका फोनचे काम आहे.

पेज सुरू केले होते आमच्या एका तरुण शिक्षकांनी, स्वतःच्या मोबाइलवरून. 2019 साली त्यांची आंतरजिल्हा बदली झाली. मी त्यांना शोधून काढले. भला माणूस, त्यांनी दोन दिवस खटपट केली. पण खाते जुन्या नंबरावर होते, पासवर्ड आठवत नव्हता, आणि तो नंबर बंद होऊन मोबाइल कंपनीने दुसऱ्याला दिलेला. ओटीपी आता कुणा अनोळखी माणसाच्या मोबाइलवर जातो. शाळेतल्या आजच्या शिक्षकांना तर असे पेज आहे हेच माहीत नव्हते. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, हे आमच्या चार्जमध्ये आलेलंच नाही."

त्यांचे खरे होते. मी चार्ज दिला त्या दिवसाची यादी माझ्याकडे आहे. जनरल रजिस्टर, हजेरीपट, कॅशबुक, डेड स्टॉक रजिस्टर, पोषण आहाराच्या तांदळाचा शिल्लक साठा किलोग्रॅममध्ये, कपाटाच्या किल्ल्या, अगदी मोडक्या खुर्च्यासुद्धा. मोडकी खुर्ची निर्लेखित करायची तरी आपल्याकडे ठराव लागतो, सही लागते. पण शेकडो मुलांचे चेहरे, नावे आणि गावे ज्या पेजवर आहेत, ते कुणी कुणाला सोपवल्याची एकही ओळ त्या यादीत नाही.

ज्या समाजमाध्यमावर ते पेज आहे, त्या कंपनीकडे मुलीने स्वतःही तक्रार केली. पर्याय आले : नग्नता, हिंसा, छळ, खोटे खाते. तिचा फोटो यात कुठेच बसत नव्हता. जवळचा वाटला तो पर्याय तिने निवडला, आणि फोटो नियमांचा भंग करत नाही असे उत्तर आले. त्या उत्तराविरुद्ध केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे 30 दिवसांत दाद मागता येते, हे आम्हाला कळले तेव्हा ते दिवस उलटून गेले होते.

मग कायदा काय म्हणतो ते मी वाचत बसले. 2021च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी नग्न, अर्धनग्न किंवा फेरफार करून बनवलेले फोटो तक्रार आल्यापासून 24 तासांत हटवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले, आणि पुढच्या दुरुस्त्यांनी मुदती आणखी आवळल्या. हे व्हायलाच हवे होते. पण अंगभर कपडे घातलेल्या, दप्तर घेणाऱ्या मुलीसाठी त्यात काही नाही. साध्या फोटोने काय बिघडते, असे कुणी म्हणेल. 2022च्या पहिल्याच दिवशी 'बुली बाई' नावाच्या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो लिलावाच्या नावाखाली मांडले गेले. ते त्यांच्याच समाजमाध्यमांवरून उचललेले फोटो होते. आपल्या मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने त्यात अटका केल्या.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. 18 वर्षांखालील मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती त्यात आहे, पण मुख्य बंधने लागू व्हायला नियम निघाल्यापासून दीड वर्षाची मुदत आहे. माहिती पुसून घेण्याचा जो हक्क त्यात दिला आहे, तो आपण संमती देऊन दिलेल्या माहितीचा. इथे संमती ना मुलीने दिली, ना आईने. गूगलने 2021 पासून मुलांचे फोटो शोधातून काढायची सोय केली, त्यासाठीही अर्जाच्या वेळी मूल 18च्या आत लागते, आणि शोधातून गेला तरी मूळ पेजवरचा फोटो जागेवरच राहतो. पाचवीतल्या मुलीला हे कळणार नव्हते, आणि कळण्याच्या वयात ती आली तेव्हा ती सोय तिच्यासाठी संपली होती.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. आमच्या शाळेत तो दप्तरवाटपाचा फोटो त्यानंतर चौथ्या महिन्यात निघाला. निकालाची बातमी मी वर्गात मुलांना वाचूनही दाखवली होती. ती मुलगीही तेव्हा समोर बसलेली असणार.

आता एक वेगळी गोष्ट सांगते. तोच फोटो त्या मंडळाच्या पेजवरही होता. मी त्यांच्या अध्यक्षांना फोन केला. पाऊण तासात फोटो निघाला. "बाई, आधी सांगितलं असतं तर टाकलाच नसता," असे ते म्हणाले. तिथे विचारायला एक माणूस होता आणि त्याच्या हातात पेज होते, म्हणून ते झाले. तेव्हा माझे मागणे कंपन्यांशी भांडण्याचे नाही, ते केंद्राचे काम आहे. माझे मागणे आपल्या विभागाच्या हातात असलेल्या गोष्टींचे आहे.

साहेब, एक शासन निर्णय काढा. शाळेचे पेज, त्याचा ईमेल आणि पासवर्ड यांची नोंद चार्ज यादीत सक्तीची करा. ते शिक्षकाच्या खासगी नंबरावर नको, शाळेच्या नावच्या खात्यावर हवे, आणि चालवणारे किमान दोघे हवेत. बदली झाली तर किल्ल्यांबरोबर तेही हातात पडेल.

माजी विद्यार्थ्याने किंवा पालकाने फोटो काढा म्हटले तर आठ दिवसांत तो निघाला पाहिजे, आणि कारण विचारायचे नाही. हे माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठे आहे. आमच्या मुलीला ते कारण मला फोनवर सांगावे लागले, तिच्या बाईंना सांगतानाही जड गेले. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात टेबलासमोर उभे राहून ती ते कुणा परक्या साहेबांना सांगू शकली नसती. साध्या कागदावर नाव, शाळा, फोटोची लिंक, एवढे पुरे.

ज्या पेजना आता वालीच उरलेला नाही, त्यांच्यासाठी जिल्ह्याला एक अधिकारी नेमा. शाळेच्या लेटरहेडवर, विभागाच्या शिक्क्यानिशी तोच कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहील. एकट्या मुलीच्या अर्जाला जे वजन मिळाले नाही, ते सरकारी पत्राला मिळेल अशी मला आशा आहे. आमचेच पेज काही एकटे नसणार; 2015 ते 2019 या काळात तालुक्यातल्या बहुतेक शाळांनी अशीच पेज काढली होती आणि काढणारे बहुतेक शिक्षक बदलून गेले.

आणि वाटपाचे फोटो. दात्याला पावती हवी असते, त्यात त्याची चूक नाही. त्याला दप्तरांच्या ढिगाचा फोटो द्यावा, शाळेच्या शिक्क्याचे आभारपत्र द्यावे. मुलाच्या चेहऱ्याशेजारी त्याचे दारिद्र्य, त्याचे पोरकेपण, त्याचे अपंगत्व लिहिणे मात्र बंद व्हावे. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बंदी आहेच. आमच्या मुलीला आई होती, घर होते, म्हणून ती त्या व्याख्येत बसली नसती. विभागाने स्वतःहून ती मर्यादा आपल्या सगळ्या मुलांसाठी पाळावी. आपल्या परिपत्रकांतले फोटो जोडण्याचे ते शेवटचे वाक्यही एकदा तपासून पाहावे.

तिच्या परवानगीनेच मी हे लिहिते आहे. नाव, गाव आणि शाळा लिहायची नाही ही तिची अट होती, म्हणून माझेही नाव खाली नाही. फोटोची लिंकही या पत्रात देत नाही. हे पत्र ज्या अधिकाऱ्याकडे जाईल, त्यांनी त्यांचे नाव आणि पद जाहीर करावे. मी लिंक बंद पाकिटात घेऊन स्वतः मंत्रालयात येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका