चार चौकटी वाचायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात सलग सहा रविवार, जपानीचा वर्ग सुटल्यावर तुम्ही मला शेजारी बसवून आकी हामाजी यांच्या ‘बोच्ची द रॉक!’ या मांगाचा, म्हणजे एका मुलींच्या रॉक बँडवरच्या जपानी चित्रकथेचा, पहिला खंड ओळीओळीने उलगडून दाखवलात. त्याचे आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे पत्र.

मी आलो होतो तो खरे तर तक्रार घेऊन. तिच्यावरची २०२२ सालची बारा भागांची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका माझी दोनदा पाहून झाली होती आणि तिच्यापुढे मूळ मांगा मला अगदीच रोडका वाटत होता. त्यावर वाद न घालता तुम्ही एका रकान्यावर बोट ठेवलेत: वरून खाली चार चौकटी, पहिलीत प्रसंगाची मांडणी, दुसरीत तिची वाढ, तिसरीत कलाटणी, चौथीत शेवट. मी मात्र त्या चौकटी एखाद्या लांबलचक दृश्याचे तुकडे समजून भराभर ओलांडत होतो आणि वाचकाने जिथे क्षणभर थांबायचे, नेमकी तीच जागा गाळत होतो. बँडमधल्या बास गिटार वाजवणाऱ्या र्योचे कोरडे, पैसे उसने मागणारे विनोद ॲनिमेपेक्षा मांगात मला अधिक भावतात, ते आता या थांब्यामुळेच. ॲनिमेत लगेच पुढचे वाक्य येते.

लोकांसमोर यायची धास्ती घेतलेली नायिका हितोरी गोतो पहिल्या कार्यक्रमात पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून गिटार वाजवते. त्या खोक्यावरची ‘पूर्ण पिकलेला आंबा’ ही अक्षरे तुम्ही वाचून दाखवलीत तेव्हा देवगडच्या पेट्यांच्या घरात वाढलेल्या मला हसू आवरेना. ॲनिमेतही ते खोके आहेच, पण मी दोन्ही वेळा त्याकडे नुसते खोके म्हणून पाहिले होते. ‘केस्सोकू बँड’ हे त्यांच्या बँडचे नावही तसेच: केस्सोकू म्हणजे एकजूट, आणि वायरी आवळायच्या प्लास्टिकच्या पट्टीलाही जपानीत ‘केस्सोकू बँड’च म्हणतात. एकटेपणा नावातच घेऊन आलेल्या (‘हितोरी’ म्हणजे एकटी) मुलीच्या बँडला हे नाव द्यावे, यातली गंमत तुमच्याशिवाय मला कळली नसती.

एका बाबतीत मात्र मी अजून तुमच्याशी सहमत नाही. केइइचिरो साइतो यांच्या दिग्दर्शनातला आठवा भाग मला मांगापेक्षा सरस वाटतो. वादळामुळे श्रोते तुरळक, पहिल्या गाण्यात सगळ्याजणी बिचकलेल्या, वादन विस्कळीत झालेले आपल्याला कानांनी कळते, आणि मग पुढच्या गाण्याआधी हितोरी एकटीच गिटारवर सुटते. कागदावर हा आवाज वाचकाने स्वतःच्या मनात वाजवायचा असतो. ज्याच्या कानात रॉक मुरलेला आहे त्याला ते जमेल, माझ्यासारख्या भजनी ठेक्यावर वाढलेल्याला जमत नाही. त्यावर तुम्ही हसून म्हणाला होता, “मग गिटार शिका.” ते अजून झालेले नाही.

खंड सोबत परत पाठवत आहे. आंब्याच्या खोक्याच्या पानावर चहाचा एक थेंब सांडला आहे, त्याबद्दल क्षमस्व. दुसरा खंड मी स्वतः विकत घेतला आहे आणि त्याची पहिली आठ पाने शब्दकोश घेऊन एकट्याने वाचली आहेत. नवव्या पानावर अडलो आहे, तेव्हा येत्या रविवारी येऊ का?

आपला कृतज्ञ,
मागच्या बाकावरचा विद्यार्थी