आमच्या खासदाराने मत कुणाला दिले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संसदेचे अधिवेशन संपले की किती तास गोंधळात वाया गेले आणि त्याचा खर्च किती, या हिशेबाची पत्रे आपल्याकडे येऊ लागतात. तो संताप रास्तच आहे. मला मात्र सभागृह शांत असताना काय होते त्याविषयी लिहायचे आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक ३ तारखेला लोकसभेत मांडले गेले, ७ तारखेला तिथे मंजूर झाले आणि ९ तारखेला राज्यसभेतही. या कायद्याने जाता जाता माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(जे) बदलले. मी निवृत्तीनंतर माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देण्याचे काम करतो. ‘व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही द्यावी लागेल’ ही त्या कलमातली सोय आम्हा मंडळींच्या रोजच्या वापरातली. ती तिथून काढून टाकण्याच्या बाजूने आमच्या खासदारांनी मत दिले की विरोधात, की ते त्या दिवशी सभागृहात फिरकलेच नव्हते, एवढेच मला हवे होते. लोकसभेच्या संकेतस्थळावर जाऊन त्या दिवसाच्या कामकाजाचा शब्दशः वृत्तान्त काढला, चष्मा पुसून पुसून वाचला. भाषणे आहेत, टोमणे आहेत, मध्येच कंसात ‘व्यत्यय’ आहे. जिथे मतांची नोंद असायला हवी तिथे फक्त ‘प्रस्ताव स्वीकृत झाला’. नाव एकाचेही नाही.

कारण मतदान आवाजी होते. बाजूचे ‘हो’ म्हणतात, विरोधातले ‘नाही’, आणि कुणाचा आवाज मोठा ते पीठासीन अधिकारी आपल्या कानांनी ठरवतात. आपले बहुतेक कायदे असेच होतात. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते म्हणून तिथे मते मोजावीच लागतात. महिला आरक्षणाला सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मते पडली हे आपल्याला त्यामुळेच ठाऊक आहे. साध्या विधेयकात मतविभाजन, म्हणजे मते मोजून नोंदवणे, होते ते कुणी मागितले तर.

आणि मागितले तरी मिळेलच असे नाही. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधक मतविभाजन मागत होते. मागणारे आपल्या जागेवर नव्हते असे पीठाकडून सांगितले गेले, विरोधकांनी ते फेटाळले, आणि दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित झाले. खरे कोण बोलत होते यात मला पडायचे नाही. ज्या कायद्यांविरोधात पुढे वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले, त्या कायद्यांना राज्यसभेत नेमकी किती मते होती हे आज कुणीही सांगू शकत नाही, एवढे मात्र खरे. हा एकाच पक्षाचा दोष मानू नका. फेब्रुवारी २०१४ मध्ये तेव्हाच्या सरकारने आंध्र प्रदेशच्या विभाजनाचे विधेयक लोकसभेत असेच आवाजी मतदानाने मंजूर करून घेतले, तेही थेट प्रक्षेपण बंद असताना.

मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा अकरा वर्षे सचिव होतो. इमारतीला रंग कोणता द्यायचा या ठरावाच्या वेळी तळमजल्यावरच्या एका काकूंनी ‘माझा विरोध आहे, इतिवृत्तात लिहा’ असे ठणकावले होते. लिहिले. ते पान आजही संस्थेच्या कपाटात आहे. सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कुणाचा, सगळे नावानिशी. (रंग अखेर बदामीच लागला. काकू अजून नाके मुरडतात.) इमारतीच्या रंगाला जी शिस्त, ती देशाच्या कायद्याला नको?

तेव्हा मागणी एकच. प्रत्येक विधेयक मंजूर करण्याच्या शेवटच्या टप्प्यावर नोंदलेले मतदान सक्तीचे करा, कुणी मागो वा न मागो, आणि त्याच संध्याकाळी कोणी काय मत दिले ते मतदारसंघाच्या नावासह जाहीर करा. घटनेला यासाठी हात लावावा लागत नाही. अनुच्छेद ११८ प्रमाणे दोन्ही सभागृहे आपले नियम स्वतः करतात. लोकसभेची नियम समितीही आहे, तिचे प्रमुख खुद्द अध्यक्षच. युरोपीय संसदेने २००९ मध्ये कायद्यांवरच्या अंतिम मतासाठी असा नियम केला.

वेळ जाईल म्हणावे, तर मते नोंदवणारे यंत्र लोकसभेत १९५७ पासून आहे. घंटा वाजवून बाहेरच्या सदस्यांना आत बोलावायला साडेतीन मिनिटे, मग बटण. यंत्र अधूनमधून दगा देते, हे मान्य. डिसेंबर २०२४ मध्ये ‘एक देश, एक निवडणूक’ विधेयक मांडण्यावर यंत्राने २२० विरुद्ध १४९ दाखवले आणि चिठ्ठ्या मोजल्यावर ते २६९ विरुद्ध १९८ निघाले. पण फरक कळला तो मते मोजली म्हणूनच ना?

खरा आक्षेप व्हिपचा, म्हणजे मत कसे द्यायचे या पक्षाच्या आदेशाचा. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकते. मग खासदाराचे मत पक्षाचेच, ते नोंदवून काय मिळणार? यावर मी बराच विचार केला. एक तर दरवेळी व्हिप निघत नाही. दुसरे म्हणजे, मतांची नोंदच नसेल तर व्हिप मोडला हे तरी कशावरून सिद्ध करायचे? आणि मला सर्वात महत्त्वाची वाटते ती गैरहजेरी. ५४३ च्या लोकसभेत ५५ सदस्य असले की गणपूर्ती, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, होते. म्हणजे पाचशेच्या आसपास जागा रिकाम्या असतानाही कायदा होऊ शकतो. आवाजी मतदानात रिकाम्या बाकाचा पत्ताच लागत नाही. नाव छापले जाणार म्हटले की भाषण झाल्या झाल्या विमानतळ गाठणारे दहा वेळा विचार करतील.

आपल्याला एक विनंती. पुढच्या अधिवेशनात एखादे महत्त्वाचे विधेयक मंजूर झाले की महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा खासदारांची यादी छापा आणि प्रत्येकापुढे त्याने दिलेले मत. आवाजी मतदान झाले असेल तर अठ्ठेचाळीस वेळा ‘नोंद नाही’ असे छापा. जागा अर्धा रकाना लागेल.

आपला,
एक वाचक