भुतांचा खेळ लिहिणाऱ्या मुलास

परळ, मुंबई

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि भुतांच्या भूमिका करत खेळायच्या तुझ्या खेळाचा मसुदा मी पहिल्या पानापासून शेवटच्या तक्त्यापर्यंत वाचला. शनिवारी आपल्या हॉलमध्ये तो खेळून पाहिल्यावर तुझ्या मित्रमंडळींनी जे ऐकवले, त्यावरून तू 'लोकांना भुताची भूमिका करायचीच नसते' असा निष्कर्ष काढलास आणि सगळे लिखाण बाजूला ठेवून पुण्याला परत गेलास. हा निष्कर्ष मला मान्य नाही. फोनवर तू तिसऱ्या वाक्याला 'हो आई' म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

लोकांना राक्षस व्हायचे नसते, तर 'व्हॅम्पायर: द मास्करेड' हा खेळ १९९१ पासून आजपर्यंत टिकला नसता. त्यात खेळणारा प्रत्येक जण रक्त पिऊन जगतो आणि ते रक्त कोणाचे तरी असते, ही गोष्ट खेळ क्षणभरही लपवत नाही. उलट, पात्राची माणुसकी अंकांत मोजली जाते आणि दुष्कृत्य करत गेल्यास तो अंक खाली येत जातो. राक्षसाला कारणे देण्याची मुभा आहे, पण त्या कारणांना खेळाने स्वतःची मान्यता दिलेली नाही. तू मला हे खेळ समजावून सांगत होतास तेव्हा हा एक नियम मला सर्वांत शहाणा वाटला होता.

आता 'बीस्ट: द प्रायमॉर्डियल' घे. त्या खेळाचे पुस्तकही तूच मला वाचायला दिले होतेस. त्यात खेळाडू वरून माणूस असतो, पण त्याच्या आत्म्याच्या जागी पुराणकाळातला एखादा राक्षस असतो, आणि तो राक्षस माणसांच्या भीतीवर जगतो. राक्षसांची कुळे पाच आहेत आणि त्यांतल्या पाण्यातल्या कुळाचे नाव चक्क 'मकर' आहे, म्हणजे आपल्या देवळांच्या तोरणांवर कोरलेला तोच प्राणी. भुकाही पाच प्रकारच्या आहेत: कोणाला शिकार हवी, कोणाला साठा, कोणाला सत्ता, कोणाला विध्वंस, आणि एका प्रकाराला दुसऱ्याला शिक्षा करण्याची भूक आहे. त्यांच्यावर चालून येणाऱ्याला पुस्तक 'हीरो' म्हणते, आणि हा हीरो बहुधा आत्ममग्न, प्रसिद्धीला हपापलेला दाखवलेला आहे. राक्षस मात्र समाजाने न समजून घेतलेला, आपल्या स्वभावामुळे दूर लोटला गेलेला, आणि माणसांना भीतीतून काहीतरी शिकवणारा आहे.

ऑनिक्स पाथ या प्रकाशन संस्थेने २०१५ साली किकस्टार्टर या लोकांकडून आगाऊ वर्गणी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर या पुस्तकासाठी पैसे उभे केले आणि मसुदा पैसे देणाऱ्या वाचकांना आधीच वाचायला दिला. ओरड झाली ती तिथून. ओरड करणारे लोक कोण होते, हे लक्षात घे: ज्यांनी अनेक वर्षे व्हॅम्पायर, लांडगामानव आणि जादूगार होऊन खेळण्यात रात्री घालवल्या, ज्यांनी या पुस्तकासाठी स्वतःच्या खिशातून आगाऊ पैसे दिले, तेच हे लोक. राक्षस होण्याला त्यांची हरकत असण्याचे कारणच नव्हते. त्यांचे म्हणणे असे होते की हे पुस्तक छळ करणाऱ्याची भाषा बोलते. त्रास देणारा त्यात गैरसमजाचा बळी ठरतो, आणि जो उलटून उभा राहतो तो खलनायक ठरतो. शिवाय, समाजाने खरोखर बहिष्कृत केलेल्या माणसांचे रूपक म्हणून हा राक्षस वाचायला गेले, तर 'ही माणसे इतरांना ओरबाडूनच जगतात' असा अर्थ त्यातून निघतो, आणि त्यांच्याविषयी असे बोलणारे जगात आधीच कमी नाहीत. लेखकांनी मजकुरात बराच फेरफार केला, पुस्तक २०१६ मध्ये बाहेर आले, आणि तरीही टीका शमली नाही. हे राक्षस बाकी सगळ्या राक्षसांचे नातलग आहेत अशी जी कल्पना पुस्तकात आहे, तिच्यावरही काही जण चिडले होते. ती मला रुचीची बाब वाटते, तिच्यात फार शिरण्याचे कारण नाही.

मुख्य आक्षेप मात्र मला पहिल्या वाचनातच पटला, आणि त्याचे कारण माझे काम आहे. कौटुंबिक वादांतल्या समुपदेशनासाठी माझ्यासमोर जी जोडपी येऊन बसतात, त्यांतला मारणारा माणूस 'मला मारायला आवडते' असे कधीही म्हणत नाही. तो म्हणतो, 'मॅडम, तिला जरा धडा शिकवायचा होता.' तो बहुधा नीटनेटके कपडे घालून येतो, आवाज चढवत नाही, स्वतःच्या लहानपणाविषयी सांगताना त्याचे डोळेही भरून येतात, आणि ते अश्रू खोटे असतात असे मी म्हणणार नाही. बायको शेजारच्या खुर्चीत पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसलेली असते. त्याचे सगळे बोलून झाल्यावर तो तिच्याकडे वळून 'हो की नाही?' असे विचारतो, आणि ती मान हलवते. ज्यांनी असे घर पाहिले आहे किंवा भोगले आहे, त्यांना 'शिक्षा करण्याची भूक' आणि 'भीतीतून मिळणारी शिकवण' हे एकाच पुस्तकात वाचताना काय वाटले असेल, हे मला वेगळे सांगावे लागत नाही.

तुझ्या खेळाची मूळ कल्पना मला फार आवडली. गिरणगावातली भुते, टॉवरसाठी पिंपळ तोडला गेल्याने बेघर झालेला मुंजा, बंद गिरणीच्या आवारात वाट चुकवणारा चकवा, बुजवलेल्या विहिरीतला गिऱ्हा, आणि या सगळ्यांनी नव्या इमारतीतल्या रहिवाशांच्या भीतीवर गुजराण करणे, हे परळ-लालबागला राहणाऱ्या मुलालाच सुचू शकते. मुंजाच्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे खेळाडूने पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, तू 'शेवटचे ऐकलेले मंत्र' असा जो रकाना ठेवला आहेस, तो वाचून मी थोडा वेळ तिथेच थांबले. याला कोणी नावे ठेवली नाहीत. शनिवारी पहिला दीड तास तुझी मंडळी किती रंगली होती, ते मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

बिघडले ते अकराव्या पानावर. तिथे तू नियम दिला आहेस की घाबरवलेल्या माणसाने आपली चूक कबूल करून भुताचे आभार मानले, तर खेळाडूला दोन गुण जास्त मिळतील. मग टेबलावर काय घडले? तुझ्या दोघा मित्रांनी सातव्या मजल्यावरच्या त्या एकट्या बाईला लिफ्टमध्ये कोंडले आणि ती आभार मानीपर्यंत दिवे घालवत राहिले, कारण गुण त्यातच होते. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, नियमाने सांगितले तेच त्यांनी केले. तुझी मैत्रीण फासे खाली ठेवून उठली ती त्या वेळी. आणि मदतीला येणारा भगत तुझ्या मसुद्यात प्रत्येक वेळी लोभी आणि ढोंगी असल्यामुळे, त्या बाईच्या बाजूने बोलायला खेळात एकही माणूस उरला नव्हता.

कोकणात शिमग्याला येणारा संकासुर तू लहानपणी आजोळी पाहिला आहेस: काळा वेश, पांढरी लांब दाढी, कमरेला घुंगरू आणि मागे किंचाळत पळणारी आळीतली सगळी पोरे. त्या भीतीची मजा सर्वांना हवी असे, पण ज्या घरी आजारी माणूस असे, त्या घरासमोरून तो घुंगरू हाताने दाबून पुढे जाई, आणि त्याला घाबरल्याबद्दल कोणी त्याचे आभार मानावेत अशी त्याची अपेक्षा नसे.

दुरुस्तीचा सोपा मार्ग तुला मोहात पाडील, म्हणून आधीच सांगते. भुतांना आणखी दुःखी पूर्वायुष्य देऊ नकोस, त्यांचा हेतू किती उदात्त आहे हे पटवणारे आणखी एक प्रकरण लिहू नकोस, आणि त्यांना गोडही करू नकोस. समर्थन जितके वाढवशील तितका माझ्या समोरच्या खुर्चीतला तो शांत आवाज खेळात जास्त ऐकू येईल. त्यापेक्षा आभाराचा नियम काढून टाक. ज्याला घाबरवले तो माणूस ती गोष्ट विसरत नाही, असा नियम घाल. पुढच्या सेशनला त्या माणसाची भूमिका भुतांपैकीच एका खेळाडूला करू दे, म्हणजे लिफ्टमध्ये काय झाले ते त्याला तिच्या तोंडून सांगावे लागेल. भगतांपैकी निदान एक तरी खरा असू दे, ज्याला पैसे नकोत आणि ज्याचे म्हणणे खोडून काढणे मुंजालाही जड जाईल. आणि सुरुवातीलाच कोणत्या गोष्टी टेबलावर आणायच्या नाहीत हे सगळ्यांना विचारून घे. नकोसा प्रसंग कोणालाही लगेच थांबवता यावा म्हणून 'एक्स' लिहिलेले कार्ड मध्ये ठेवण्याची जी पद्धत तू मला सांगितली होतीस, ती तुझ्याच खेळात का नव्हती, हे मला समजले नाही.

तू जाताना 'लोक पूर्वीपासून या खेळांना सैतानी म्हणत आले आहेत' असेही म्हणालास. ती गोष्ट निराळी आहे. अमेरिकेत एका आईने १९८२ मध्ये मुलगा गमावला आणि त्याचा दोष 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अशाच भूमिका करायच्या खेळाला देऊन १९८३ मध्ये त्याविरुद्ध संघटना उभी केली. तिच्या दुःखापुढे मी नतमस्तक आहे, तिचा निष्कर्ष मला मान्य नाही. त्या गदारोळाचा परिणाम असा झाला की १९८९ च्या आवृत्तीतून 'डेमन' व 'डेव्हिल' वगळले गेले, आणि पुढे तेच राक्षस नव्या नावांनी परत आले. तो धाक बाहेरच्यांचा होता. तुझ्या शनिवारची तुलना करायचीच तर २०१८ मधल्या प्रकाराशी कर. व्हॅम्पायरच्या नव्या आवृत्तीच्या एका पुस्तकात चेचन्यामधल्या समलिंगी माणसांच्या खऱ्याखुऱ्या छळाला व्हॅम्पायरांच्या कारस्थानाचा पडदा म्हणून वापरले होते. खेळणारेच खवळले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रकाशकांनी माफी मागून विक्री थांबवली व तो भाग काढला. व्हॅम्पायर अजूनही खेळले जातात.

पुढच्या शनिवारी हॉल मोकळा आहे आणि बाबांनी बटाटेवड्यांचे कबूल केले आहे. त्या दोघा मित्रांना मी निरोप दिला आहे. तुझ्या मैत्रिणीला मात्र मी बोलावलेले नाही. अकरावे पान नव्याने लिहून झाले की ते आधी तिला पाठव, आणि यायचे की नाही ते तिला ठरवू दे.

तुझी,
आई