डावा हात मोकळा

पुणे, १८ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर माझ्या दातांचा विषय निघाला की आई लवंगेच्या तेलावर येते आणि बाबा, तुम्ही एकदम गप्प होता. म्हणून लिहायला घेतलं.

श्रावणात माझी खालची दाढ सुजली आणि ती काढली, एवढंच तुम्हांला ठाऊक आहे. दिवाळीत मी चकली चहात बुडवून खात होते, तेव्हा आईला वाटलं यंदा चकली कडक झाली. चकली छानच होती गं.

अकरा वर्षं मी दातांच्या डॉक्टरची पायरी चढले नव्हते. एकाच बाजूने चावायचं, थंड पाणी डाव्या गालात धरायचं, फोटोत ओठ मिटून हसायचं, हे सगळं अंगवळणी पडलं होतं. दाढेने तीन रात्री जागवलं तेव्हा कुठे गेले. डॉक्टर समजूतदार होते. म्हणाले, गुंगी देऊ, तुम्हांला फारसं जाणवणार नाही. आधी नाकावर नायट्रस ऑक्साइडचा मास्क ठेवला. तो वायू नाकाने आत ओढला तर काम करणार, आणि मी श्वासच रोखून धरलेला! पुढच्या खेपेला शिरेतून मिडाझोलम हे गुंगीचं औषध दिलं. त्यानंतर बहुतेकांना काही आठवत नाही म्हणतात. मला सगळं आठवतंय. खुर्चीचे हात मी सोडले नाहीत, तोंड जेमतेम उघडलं, आणि टोचल्याबरोबर ओरडले, "बाबा, सोडा ना!" नर्सताईंनी दाराकडे पाहिलं. तिथे कोण असणार?

डॉक्टर थांबले. मीच म्हणाले, डोस वाढवा. ते नाही म्हणाले. गुंगीत माणूस स्वतः श्वास घेत असतो, हाकेला ओ देत असतो. औषध वाढवत नेलं तर श्वास मंदावतो, मग भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर लागतं. शिवाय गुंगीने भीती उतरते, ठणका नाही. तो थांबवायचा हिरडीतल्या इंजेक्शनने, आणि जिथे पू झालाय तिथे आम्ल वाढलेलं असल्याने ते इंजेक्शनही धड लागू पडत नाही. हे ऐकून मला रडूच आलं. म्हणजे मी नाटकं करत नव्हते. खरंच दुखत होतं.

बाबा, तुम्ही सायन्सचे मास्तर, म्हणून हे खास तुमच्यासाठी. होरेस वेल्स नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १८४४ साली हाच नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. पुढच्याच वर्षी बॉस्टनला चारचौघांत प्रयोग करून दाखवायला गेला, तर रोगी ओरडला आणि लोकांनी वेल्सची टर उडवली. सगळ्यांना वेल्सची कीव येते. मला त्या ओरडणाऱ्याची माया वाटते.

दाढ शेवटी हॉस्पिटलात पूर्ण भूल देऊन काढली, आणि तिच्या शेजारचीही. सहा तास पोटात अन्न नाही, मग मुखवटा, मग काहीच नाही. पण जागी झाले तेव्हा भीती होती तिथेच होती. अजून चार दात किडलेत. दर वेळी भूलतज्ज्ञ कुठून आणू?

म्हणून भाद्रपदापासून मी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जातेय. (आई, घाबरू नकोस. डोक्यावर परिणाम झालेला नाही.) पहिल्या दिवशी पाच प्रश्नांचा कागद दिला: उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचंय तर कसं वाटेल, इंजेक्शन देणार म्हटल्यावर कसं वाटेल, असे. पंचवीसपैकी एकोणीस म्हणजे तीव्र भीती. मला तेवीस! शाळेत गणितात कधी इतके पडले नाहीत. त्यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या २०१५च्या अभ्यासाबद्दल सांगितलं. अशा १३० जणांना भीतीला थोडं थोडं सामोरं जायचे हे उपचार सुचवले होते, त्यांतल्या ७९ टक्क्यांच्या दातांचं काम पुढे गुंगीशिवाय झालं. मग सुरुवात केली. पहिल्यांदा नुसतं दवाखान्याच्या बाकावर बसून परत यायचं. मग खुर्चीत बसायचं, तोंड मिटून. मग आरसा. मग ड्रिल हातात धरून आवाज ऐकायचा. सुई नसलेली सिरिंज गालाला लावून घ्यायला मला तीन आठवडे लागले.

बाईंनीच विचारलं, "सोडा" कोणाला म्हणालात? मग चिपळूणचा तो दवाखाना सांगितला. मी आठ वर्षांची. जागा पुरती बधिर झाली नव्हती, आणि बाबा, तुम्ही माझे दोन्ही हात धरले होते, "पाचच मिनिटं" म्हणत. तक्रार नाही करत. तेव्हा सगळ्यांचेच बाप धरायचे. तुमचे हात थरथरत होते, हेही मला आठवतंय. ते मी कधी बोलले नाही एवढंच. आई, तू मात्र एक कर. मी डॉक्टरच्या बोटाला चावले, हा किस्सा लग्नाकार्यात सांगणं आता बंद कर.

येत्या गुरुवारी साडेदहाला वरचा एक दात भरायचाय. नुसतं हिरडीतलं इंजेक्शन, गुंगी नाही. बाबा, याल? बुधवारी दुपारच्या एसटीने निघालात तर रात्री स्वारगेटला घ्यायला येते. डॉक्टरांना विचारलंय, माझ्या पायाशी स्टूल ठेवतील. हात धरावासा वाटला तर उजवा धरा. डावा मोकळा राहू द्या. तो वर केला की ते थांबतात, आम्ही कितीदा तरी थांबून पाहिलंय.

आईला म्हणावं, मेतकूट पाठव. दोन दिवस मऊ भातच खायचाय.

तुमची,
चिंगी