बाई, तुम्ही हात वर केलात म्हणून

आदरणीय बाई,

हे तोंडावर सांगायला हवं होतं. आंतरवासितेच्या, म्हणजे बी.एड.साठी तुमच्या शाळेत शिकवायला आले होते त्या दिवसांच्या, शेवटच्या दिवशी सांगणारच होते, पण तुमच्या पाया पडले आणि घसाच दाटून आला. म्हणून आता लिहितेय, सगळ्यांना वाचता येईल असं.

तुमच्या शाळेत आले तेव्हा मी पुरती खचलेली होते. आधीच्या शाळेत आम्हा छात्राध्यापिकांना नोंदी भरायला बसवायचे, नाहीतर रजेवरच्या शिक्षकांच्या वर्गावर मुलांना गप्प ठेवायला धाडायचे. एकदाच पाठ घ्यायला उभं केलं. फळ्यावर एक शब्द चुकला, तर मुलांच्या देखत "तुम्हाला शिकवायला कुणी पाठवलं?" असं विचारून खाली बसवलं. त्या रात्री मी आईला म्हटलं, बी.एड. सोडते. त्या माणसांना आज हे आठवतही नसेल. मला मात्र त्या खडूचा रंगसुद्धा आठवतो.

मग दापोली तालुक्यातली तुमची खाडीकाठची शाळा. सातवीचा वर्ग, भूगोल, भरती-ओहोटी. सरावाचे छोटे सूक्ष्म पाठ मैत्रिणींसमोर घेतले होते, पण अख्खा वर्ग एकटीने सांभाळायचा हा पहिलाच दिवस. टाचण पाठ होतं. तुम्ही निरीक्षणाची वही घेऊन शेवटच्या बाकावर बसलात आणि माझे हात गार पडले.

घाबरून मी सांगून टाकलं, "दर १२ तासांनी भरती येते." खिडकीजवळचा एक मुलगा उभा राहिला. "बाई, मग रोज एकाच टायमाला यायला पायजे. तशी नाय येत. आमचा आजा पाऊणकीनं काढतो."

पाऊणकी? माझ्या टाचणात पाऊणकी नव्हती. मी फळ्याकडे बघत राहिले. मागून कुणीतरी हसलं. आता खाली बसवणार, हेच डोक्यात.

आणि तुम्ही पेनाला टोपण लावलंत, वही मिटलीत आणि हात वर केलात. मुलं करतात तसाच, कोपर बाकावर टेकवून. म्हणालात, "बाई, मलाही नाही समजलं. हा सांगतोय ते फळ्यावर मांडून बघूया का?"

बाई. तोवर मला बाई म्हणणारी ती पोरं होती, तीही सवयीने. तुम्ही म्हणालात आणि माझ्या पायांत बळ आलं.

मग त्या मुलाने सांगितलं: पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. त्या दिवशी एकादशी होती. अकरा पाऊणे सव्वाआठ. "आज सकाळी सव्वाआठला पाणी धक्क्याला लागलं होतं," दोघीतिघी एकदम ओरडल्या. म्हणजे उद्या नऊला. मी फळ्यावर वेळा लिहीत गेले आणि माझ्याच डोक्यात लख्ख झालं. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घेईस्तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला तिला साधारण ५० मिनिटं जास्त लागतात. भरती चंद्राच्या ओढीने येते, आणि तेवढ्या वेळात दोनदा. म्हणून दोन भरत्यांमध्ये १२ तास नाहीत, १२ तास २५ मिनिटं. माझी चूक मी मुलांसमोरच खोडली. कुणी हसलं नाही. उधाणाच्या मोठ्या भरतीचं आणि भांगाच्या लहान भरतीचं तर त्यांनीच मला सांगितलं. ज्यांचे बाप होडीवर जातात त्यांना अमावास्या-पौर्णिमेचं पाणी मी काय शिकवणार होते!

तुम्ही मला वाचवलंत, पण वाचवलंत असं कुणाला कळू दिलं नाहीत. त्या पोरालाही वाटलं नाही की त्याने बाईंना अडचणीत आणलं. माणसाची लाज राखणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. अशी माणसं गावोगावच्या शाळांमध्ये आहेत बाई, म्हणूनच आमच्यासारख्या टिकतात. त्यांचं नाव कुठल्या अहवालात येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणखी एक. घंटा झाली, मी फळा पुसायला डस्टर उचललं, तर तुम्ही थांबवलंत. पुढच्या तासाला गणिताचे सर आले, त्यांना म्हणालात, "सर, आज जरा कडेला लिहा. बाईंची भरती राहू दे फळ्यावर."

संध्याकाळी एसटीला उभी होते तेव्हाही वर्गाच्या खिडकीतून ती अक्षरं दिसत होती.

तुमची,
मागच्या वर्षीची छात्राध्यापिका