काका, तळ्याच्या नादात तुम्ही मला जे जे करू दिलं नाहीत त्याबद्दल थँक्यू

काका, नमस्कार.

तोंडावर थँक्यू म्हणलं की तुम्ही "बरं बरं, चहा टाक, बिनसाखरेचा" म्हणून विषय संपवता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. दुसरं कारण असं की अंगणातलं तळं बघायला येणारा प्रत्येकजण कॉन्ट्रॅक्टरचा नंबर मागतो, मी सांगते अहो कॉन्ट्रॅक्टर कुणी नाही, पलीकडच्या बंगल्यातले काका आहेत, पालिकेच्या फिल्टर प्लांटवर जन्मभर नोकरी केली त्यांनी, तर लोकांना वाटतं मी नंबर लपवतेय.

आता आभार नेमके कशाचे मानायचे हा पण प्रश्नच आहे, कारण तुम्ही सांगितलंत कमी आणि अडवलंत जास्त. ते पहिलं कोटेशन आठवतंय ना? सिमेंटचा हौद, मधोमध घागर घेतलेली संगमरवरी बाई, अर्ध्या एचपीची मोटर, एक डबाफिल्टर, तीस कोई (ते रंगीत जपानी मासे) आणि वर "मॅडम, आठ दिवसांत मासे सोडून देतो". तुम्ही चष्मा लावलात, खिशातला पेन काढलात आणि आधी बाईवरच काट मारलीत. मला रागच आला होता खरं तर, पैसे आमचे, अंगण आमचं आणि हे कोण. ह्यांना मात्र तुम्ही तेव्हाच आवडलात.

हौदावर काट का, तर आमची, म्हणजे पुण्यातल्या मांजरी भागातली, काळी माती. पावसात फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यात कडक सिमेंट बसवलं की आज ना उद्या चीर जाणार आणि मग जन्मभर वॉटरप्रूफिंग करत बसा. शिवाय नव्या सिमेंटातून चुना पाण्यात उतरतो, पाणी खारट नाही पण अल्कली होतं, मासे तडफडतात, म्हणून तसा हौद आठवडेच्या आठवडे भरून रिकामा करत बसावा लागतो. त्यापेक्षा तुम्ही सांगितलंत की आपल्याकडे गावोगावी शेततळी आहेत ती कशाने टिकतात ते बघ. मग खड्डा खणून तळाला नि बाजूंना मुरूम ठोकून घेतला, त्यावर वाळू, वाळूवर जुनी चवाळी आणि त्यावर शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा काळा कागद, कागद म्हणतात पण असतं जाड प्लास्टिक. कागद किती लागेल ते तुम्ही जाता जाता सांगितलंत, लांबी अधिक दुप्पट खोली अधिक दोन्हीकडे फूटभर. आमचं तळं दहा बाय सहा आणि चार फूट खोल, म्हणजे वीस बाय सोळाचा तुकडा. हा कागद ताठ असतो, कोपऱ्यात दुमडत नाही नीट, म्हणून शेततळ्याला जोड मारणारी पोरं मशीन घेऊन आली आणि जागेवरच खोक्यासारखे कोपरे शिवल्यागत चिकटवून गेली. कोटेशनमधल्या हौदाच्या पैशात हे किती कमीत झालं ते इथे लिहीत नाही, त्या माणसालाही पोट आहे.

मोटरचं थोडक्यात सांगते कारण ह्यात फक्त गणित आहे पण ते गणित कुणी करत नाही. तळ्यात २४० घनफूट पाणी, एका घनफुटात २८ लिटरच्या वर, म्हणजे साधारण ६८०० लिटर. हे सगळं पाणी दीड-दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरलं की झालं. अर्ध्या एचपीची मोटर चोवीस तास चालवली तर दिवसाला ९ युनिट, महिन्याला २७० च्या आसपास, नुसत्या माशांचं बिल! तुम्ही ६० वॅटची तळ्याची सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायची मोटर, घ्यायला लावलीत, ती महिन्याला ४३-४४ युनिट खाते. खोक्यावर ताशी ६००० लिटर लिहिलेलं असतं पण ते उंची शून्य असताना, धबधब्यापर्यंत पाणी चढवायचं म्हणजे कमीच येणार, आणि किती कमी ते बघायला तुम्ही वीस लिटरची बादली आणि मनगटावरचं घड्याळ घेऊन उभे राहिलात. अठरा सेकंदांत भरली, म्हणजे ताशी ४०००. "बास," म्हणालात, आणि मला कळेना की हे चांगलं झालं की वाईट.

पण खरी गंमत त्या तीन निळ्या ड्रमांची. फिल्टर म्हणजे मशीन असतं, विकत आणायचं आणि लावायचं, असं डोक्यात होतं माझ्या. तुम्ही दोनशे लिटरचे तीन ड्रम तळ्याच्या पाण्याच्या पातळीला बसवून घेतलेत, तळाच्या मधोमध चार इंची ड्रेन काढून तो पहिल्या ड्रमात आणून सोडलात, आणि मोटर मात्र सगळ्यात शेवटी, तिसऱ्या ड्रमानंतरच्या छोट्या टाकीत. प्लंबर तुमच्याशी भांडत होता की मोटर तळ्यात टाका, पाणी उचला आणि फिल्टरमध्ये मारा, सगळे असंच करतात. तुम्ही त्याला म्हणालात, "अरे मोटरने घाण दळून काढलीस तर ती खाली बसेल का? आधी बसू दे, मग पाणी उचल." मग तो गप्प. पहिल्या ड्रमात पाणी कडेने शिरतं आणि गोल फिरतं, जड घाण मधोमध खाली बसते, खालचा व्हॉल्व्ह मिनिटभर उघडला की काळं पाणी थेट कर्दळीला. दुसऱ्यात ब्रश आणि मॅट, जे बसलं नाही ते तिथे अडकतं. तिसऱ्यात महागडे बायोबॉल, म्हणजे फिल्टरसाठी मिळणारे प्लास्टिकचे जाळीदार गोळे, घालायचे होते तर तुम्ही मार्केट यार्डाजवळच्या होलसेलवाल्याकडून भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या पोतंभर आणायला लावल्यात, साबण नसलेल्या. आमच्या सासूबाई अजून सांगत असतात सगळ्यांना की सून तळ्यात घासण्या पाळते.

त्या घासण्यांवर काय राहतं हे तुम्ही ज्या पद्धतीने सांगितलंत ते मी कुणालाही तसंच सांगते. मासे कल्ल्यांमधून अमोनिया सोडतात, तो त्यांनाच विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि झाडांचं खत. हे सगळं पाठ करायला शाळेत लावलं होतं, पण तेव्हा हे कुणाच्या अंगणात चालतं असं वाटलं नव्हतं. आणि मग तुम्ही हसून म्हणालात की प्लांटवर शेवटी क्लोरीन घालून सगळे जंतू मारायचा पगार घेतला आणि आता रिटायर झाल्यावर फुकटात जंतू पाळतोय. म्हणूनच घासण्या नळाखाली धुवायच्या नाहीत, तळ्याच्याच बादलीभर पाण्यात हलवून घ्यायच्या, कारण नळाचा क्लोरीन म्हणजे तुम्हीच पूर्वी सोडलेला, तो ह्या पोरांना ठेवणार नाही. पाणी घालायचं तरी आदल्या रात्री वेगळ्या ड्रमात भरून हवा सोडून ठेवायचं, आणि घाई असेल तर हायपोचे खडे, जे पूर्वी फोटो स्टुडिओत लागायचे तेच.

हे जिवाणू यायला वेळ लागतो, चार ते सहा आठवडे, आणि इथे तुम्ही सगळ्यांत जास्त शिव्या खाल्ल्यात आमच्या घरात. पाणी भरलेलं, मोटर चालू, धबधबा पडतोय आणि मासे नाहीत. लेक रोज शाळेतून आला की दप्तर न काढता विचारायचा, आज? तुम्ही त्याला एक वही दिलीत आणि टेस्ट किट. रोज चिमूटभर माशांचं खाणं पाण्यात टाकायचं, कुजू द्यायचं, त्याचाच अमोनिया होतो. अमोनियाची नळी पिवळी म्हणजे ठीक, हिरवी म्हणजे आहे. नायट्राइटची निळी म्हणजे ठीक, जांभळी म्हणजे थांब. तुमच्या मित्राच्या जुन्या टाकीतला घाण स्पंज आणून तुम्ही तिसऱ्या ड्रमात पिळलात, विरजण लावतात तसा, तेव्हा मला पटकन कळलं हे काय चाललंय. पोराने रंगीत पेन्सिलीने चौकोन रंगवले, आधी हिरवे वाढले मग कमी झाले, मग जांभळे आले आणि एका सकाळी दोन्ही नळ्या पाहिजे तशा निघाल्या. तो वही घेऊन तुमच्याकडे चपला न घालता पळाला होता.

आणि मासे किती, तर सहा! तीस नाही. एका कोईला हजारभर लिटर पाणी हवं, आज बोटाएवढा दिसतो पण तो दोन फुटांचा होतो, आपल्या रोहू-कटल्याच्याच खानदानातला आहे. दुकानदार सकर मासा फुकट देत होता "काच साफ करतो" म्हणून, तुम्ही तो हात जोडून परत केलात, कारण कुणाच्या तरी टाकीत मोठा झाला की लोक नदीत सोडतात आणि तिथे त्याला मारणारं कुणी नाही. जलपर्णीला पण नाही म्हणालात. मी म्हणलं फुलं छान येतात, तुम्ही म्हणालात मुळा-मुठेला विचार. त्याऐवजी ड्रमांच्या पुढच्या चरात कर्दळ आणि वाळा लावलाय, तो नायट्रेट ओढून घेतो आणि सासूबाईंना माठात टाकायला मुळं मिळतील असं त्यांना वाटतंय, नाही मिळणार पण सांगितलं नाहीये अजून.

धबधब्याबद्दल तुमचे वेगळे आभार. मला कारंजं हवं होतं, उंच, रंगीत लाइटवालं. तुम्ही आम्हाला नानासाहेब पेशव्यांपर्यंत नेलंत, १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं ते नुसत्या उतारावर, वाटेत हवेला आणि सफाईला उच्छ्वास, म्हणजे बांधीव उभे मनोरे, ठेवून, तेव्हा कुठली मोटर होती. बरं, पण त्याचा इथे संबंध काय, तर पाण्याला पडू द्यावं, उडवू नये. उडवलं की वाऱ्याने अर्धं बाहेर जातं. पडलं की हवा घेऊन पडतं, आणि उन्हाळ्यात तेच लागतं कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशाला लिटरमध्ये ९ मिलिग्रॅमच्या आसपास तर ३० अंशाला साडेसात. सगळ्यात कमी पहाटे, कारण रात्रभर झाडंही तोच घेतात. म्हणून रात्री आवाज होतो म्हणून धबधबा बंद करायचा नाही, उलट बंद करायचाच असेल तर दुपारी करा, असं तुम्ही ह्यांना बजावलंत. लाइट गेली तर छोटा एअर पंप इन्व्हर्टरवर आहेच.

दगड काळाच, खाणीतला, पण वरची फरशी तुम्ही स्वतः तीन वेळा उचलून परत बसवायला लावलीत गवंड्याला. फरशीचं नाक पुढे काढलं नाही तर पाणी तिच्या पोटाला चिकटून मागे जातं आणि मागच्या मातीत जिरतं, वरून काहीच दिसत नाही. खालच्या बाजूने कटरने बारीक खाच मारली तेव्हा थेंब तिथेच तुटायला लागले. तरी मे महिन्यात पाणी खाली जायला लागलं तेव्हा माझा जीव वर, कागद फाटला म्हणून. तुम्ही पायरीवर एक बादली भरून ठेवायला लावलीत, तळ्यात जेवढं उतरलं तेवढंच बादलीतही उतरलं, म्हणजे गळती नाही, ऊन आहे. शेडनेट बांधलं. एवढं साधं कुणाला सुचत नाही हो.

बाकीचं पटापट: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाइट तोडणारा स्विच, तुम्ही इलेक्ट्रिशियनच्या उरावर बसून लावून घेतलात आणि पाण्यात हात घालायच्या आधी स्विच बंद, हे पोराच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. सोसायटीचे सेक्रेटरी डेंग्यू डेंग्यू करत आले होते, त्यांना तुम्ही दाखवलंत की वाहत्या पाण्यात आणि माशांच्या तोंडासमोर डासांची अळी टिकत नाही, धोका असेल तर ड्रमांच्या झाकणांखाली, म्हणून तिथे जाळी. जाता जाता त्यांच्याच गॅलरीतल्या कुंड्यांच्या ताटल्या बघायला सांगितल्यात, ते काही विसरलेले नाहीत. खंड्या येतो रोज, तारेवर बसतो, वरच्या जाळीमुळे त्याचं काही चालत नाही.

आता एवढं सगळं करून तुम्ही घेतलंत काय तर चहा आणि कर्दळीचे दोन कंद. तुमच्यासाठी काहीतरी आणू म्हणलं तर तेही अडवलंत. म्हणून हे पत्र, ह्याला नको म्हणता येणार नाही कारण पाठवून झालेलं असेल.

ता. क. समोरच्या बंगल्यातल्यांनी पण तळं करायचं ठरवलंय. तुमचा नंबर दिलेला नाही, आधी तुम्हाला विचारते. घागरवाली बाई त्यांच्या फाटकात कालच उतरलीय, लाल पेन घेऊन या.