चि. ओंकारला

नौपाडा, ठाणे

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल वंदनाच्या एसटी स्टँडवर शिवनेरी सुटेपर्यंत तू एकदाही खाली बघितलं नाहीस. आईने हात केला होता. असो. ते उकरून काढायला लिहीत नाही.

एवढंच विचारायचं होतं, हॉस्टेलवरच्या लॅपटॉपचा अँटीव्हायरस चालू आहे ना?

विकतचा गेम फुकटात चालवणारा क्रॅक टाकायचा तर आधी तोच बंद करायला सांगतात आणि तू केलास. गेम चालला, म्हणजे सगळं ठीक, असं तुला वाटलं. पंधरा दिवसांनी आईचं मेल कुणीतरी उघडलं, तेही ओटीपी न येता. वागळे इस्टेटच्या दुरुस्तीवाल्या पोराने मला समजावलं. असल्या क्रॅकमधून आत शिरलेले व्हायरस ब्राउझरमधले पासवर्ड नेतातच, वर लॉगिनची कुकी, म्हणजे आपण आधीच आत आहोत ही खूण, तीही उचलतात. ती हाती लागली की पासवर्ड, ओटीपी काही विचारलंच जात नाही. म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, सगळीकडून लॉगआउट करावं लागतं, आणि तेही दुसऱ्या मशीनवरून. बँकेपर्यंत पोचले नाहीत, नशीब.

शिवाय १९५७चा कॉपीराइट कायदा आहे. कलम ६३ब, सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद. घरगुती वापर असेल तर कोर्ट नुसत्या दंडावर सोडू शकतं, पण...

झालं, सुरू झालं माझं. माफ कर.

आणि मी कोणत्या तोंडाने बोलतोय? २०१०मध्ये लॅमिंग्टन रोडवरून तुझ्यासाठी गाड्यांच्या गेमची सीडी मीच आणली होती, कव्हरवर पेनाने नंबर लिहिलेली. तो नंबर चालेना, म्हणून जाधवकाकांनी कीजेन, म्हणजे खोटे नंबर बनवणारं सॉफ्टवेअर, दिलं. ते उघडलं की टिंगटिंग गाणं वाजायचं. गेम राहिला बाजूला, तू बनियनवर त्या गाण्यावरच नाचत बसायचास. अण्णा टाळ्या वाजवायचे.

फॉरमॅट करताना अण्णांचं रेकॉर्डिंग गेलं. तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं. लिहून बसलो, आता खोडत नाही.

पण एक आहे. कुणी विचारायच्या आत तूच आईपुढे येऊन म्हणालास, माझ्यामुळे झालं. तुझ्या वयात मी गप्प बसलो असतो. मावशीसमोर मी आवाज चढवायला नको होता.

अँटीव्हायरसचं बघ. रूममेटने पेनड्राइव्हवर काही दिलं तरी बघ.

तुझा,
बाबा

ता.क. डिसेंबरच्या सेलमध्ये तो गेम स्वस्त होतो म्हणे. पैसे मी टाकतो. अँटीव्हायरस चालू केलास की नुसता अंगठा पाठव, बोलायचं नसेल तर.